नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, हा नियम केला कुणी?

मीटरबंद (धागाकर्ता)

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली की बघायला येणारा प्रत्येक जण टाकीवरून हात फिरवतो आणि एकच वाक्य टाकून जातो: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नकोस हां." चाळीसच का? पस्तीस का नाही, पंचावन्न का नाही? विचारून बघा. "तसंच असतं" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

माझं म्हणणं असं की रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळेपर्यंतचं सुरुवातीचं चालवणं, हवं, पण रनिंग-इन म्हणजे हळू चालवणं नव्हे. एका संथ वेगात गाडी ओढत राहणं हे नव्या इंजिनाला मानवणारं नाहीच.

आत काय चालतं ते आधी बघू. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंग करताना, म्हणजे बारीक दगडाने घासताना, तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकतं, आणि रेघांच्या कडांवर घासून पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा भिंतीशी जुळतात. आता या रिंगा भिंतीवर दाबतं कोण? रिंगेचा स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा. खरा रेटा जळणाऱ्या वायूचा. तो पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) जेमतेम उघडलेला असेल तर हा रेटाही जेमतेम. मग रिंगा नीट बसत नाहीत, ऑइल वर निसटतं, भिंतीवर भाजून त्याचा चकचकीत थर धरतो. एकदा ग्लेझ धरली की पुढे घासायला काही उरत नाही. गाडी ऑइल खाते, निळा धूर सोडते आणि मालक म्हणतो, मी तर इतकी जपून चालवली!

मी माझी गाडी पहिल्या दिवसापासून चढांवर घेतली, अर्धा-पाऊण थ्रॉटल दिला, सोडला, पुन्हा दिला. बोला आता.

नेमस्त

असहमत. गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. ते ज्यांनी लिहिलं त्यांनीच इंजिन बनवलं. यामाहाच्या पुस्तकांत पहिले १६०० किलोमीटर गाडीच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणून सांगितलेत. होंडा म्हणते पहिले ५०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको, झटक्यात पिकअप नको, करकचून ब्रेक नको. या लोकांना रिंग कशी बसते ते ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक आहे, असं समजायचं का?

शिवाय इंजिन म्हणजे फक्त रिंगा नव्हेत. गियरचे दात, बेअरिंगं, क्लचच्या प्लेटा, कॅम, सगळं एकमेकांशी जुळत असतं. रिंगांच्या भल्यासाठी गियरबॉक्सला का चोपायचं?

मीटरबंद

नेमस्तजी, चाळीसचा आकडा त्या पुस्तकांत दाखवा, मी धागा मागे घेतो. "वेग सतत बदलता ठेवा, एकाच आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) फार वेळ राहू नका" हे मात्र बहुतेक पुस्तकांत सापडेल. बीएमडब्ल्यू तर शक्यतो वळणांचा, चढउताराचा रस्ता निवडा असं सांगते. मी दुसरं काय म्हणतोय?

आणि चोपा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लाल रेघेपर्यंत पिळणं वेगळं, मधल्या आरपीएममध्ये भार देणं वेगळं. तिसऱ्या गियरमध्ये जोर द्या, मग थ्रॉटल सोडून गाडीला इंजिनावर मंदावू द्या. सोडल्यावर सिलिंडरात ओढ तयार होते, थोडं ऑइल वर येतं, घासलेला कीस धुतला जातो.

जुना कार्ब्युरेटर

चाळीसचा जन्म कुठे झाला याबद्दल माझा एक अंदाज आहे. आमच्या टू-स्ट्रोकच्या जमान्यात.

त्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. म्हणजे थ्रॉटल उघडा असेल तेवढंच पेट्रोल आत, आणि तेवढंच ऑइल. आता ही नवी गाडी तुम्ही सत्तरवर नेली आणि उतारावर थ्रॉटल बंद केला. इंजिन तर पळतंय, पण ऑइल येणं थांबलं. नवा पिस्टन आधीच घट्ट, त्यात गरम होऊन फुगलेला. पकडला! मागचं चाक जागच्या जागी जाम. आम्ही नव्या गाडीवर दोन बोटं कायम क्लचवर ठेवून बसायचो, इतकी धास्ती. माझी एकदा भर रस्त्यात अशी पकडली होती. अर्धा तास कडेला बसून इंजिन थंड केलं आणि घरी आलो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा कमी वेगाला अर्थ होता. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली स्वतंत्र असतं, पंप फेकतो, त्याचा थ्रॉटलशी संबंध नाही. गाडी बदलली, सल्ला तोच राहिला. सल्ल्याचं सर्व्हिसिंग कुणी करत नाही.

टॉर्कमावशी

मी दोन्ही प्रकार केलेत. पहिली गाडी पुस्तकाबरहुकूम चालवली, दुसरी नव्या जोशात बरीच पिळली. दोन्ही पन्नास हजारांपुढे गेल्या, दोन्हींत सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल घालावं लागलं नाही. त्यामुळे मला हा वादच थोडा शिळा वाटतो.

आजकाल बऱ्याच गाड्यांच्या सिलिंडरला आतून बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, नसते. ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. निकासिल म्हणतात त्याला; माले कंपनीने १९६७ मध्ये आणला, तोही आधी वांकेल इंजिनासाठी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या इंजिनासाठी. फार कठीण मुलामा. शिवाय होनिंगमध्येच रेघांची टोकं कापून सपाट करून देतात, म्हणजे पूर्वी जे काम तुमच्या पहिल्या हजार किलोमीटरात व्हायचं त्यातलं बरंचसं कारखान्यातच उरकलेलं असतं. मग घरी आणून मायेनं चालवा नाहीतर रागानं.

मी पडले ते इंजिनामुळे नव्हे, टायरमुळे. मीटरवर ४० किलोमीटर. ओळखीचं वळण, नेहमीइतकीच गाडी झुकवली आणि मागचं चाक सरळ निघून गेलं. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, साच्यातून सुटण्यासाठी काही लावलेलं असेल तर त्याचा अंशही राहतो. पहिले दीडशे-एक किलोमीटर हळूहळू झुकवत न्यायचं असतं, हे मला कोपर सोलल्यावर कळलं. ब्रेकचंही तेच. नवे पॅड डिस्कशी जुळेपर्यंत नेहमीच्या अंतरात गाडी थांबत नाही. "चाळीसच्या वर नको" म्हणणाऱ्या एकानेही मला टायरबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

नेमस्त

+१. टायरचा मुद्दा मान्य करायलाच हवा. आणि मीटरबंद यांची 'चढावर घ्या, थ्रॉटल द्या' पद्धत पहिल्याच दिवशी कोऱ्या टायरवर करायची म्हणजे कठीण आहे.

पानापक्कड

गाड्या खोलणं हा माझा धंदा आहे म्हणून लिहितो.

चाळीसचा नियम वाईट नाही, लोक तो पाळतात कसा ते वाईट. चाळीस म्हटलं ना? टॉप गियर टाकतात आणि चाळीसने जातात. इंजिन गुदमरतंय, खालून धडधड धडधड, चेन झटके खातेय, आणि साहेब खूश की आरपीएम किती कमी! नव्या इंजिनाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. गियर खाली घ्या. आरपीएम थोडे वाढले तर बिघडत नाही, इंजिन मोकळं फिरलं पाहिजे.

दुसरी खोड: सकाळी स्टँडवर लावून दहा मिनिटं नुसती रेझ करत ठेवणं. सुरू करा, मिनिटभराने निघा, पहिले चार-पाच किलोमीटर सांभाळून. थंड इंजिन पिळू नका. नवं असो जुनं असो.

आणि पहिलं ऑइल काढाल तेव्हा एकदा उन्हात बघा. चांदीची झाक दिसते. तो तुमच्याच इंजिनाचा कीस.

काजळी

मीटरबंद यांना सरळ प्रश्न. कारणमीमांसा छान लिहिलीत, वायू, रेटा, रिंग, सगळं पटतं. पण रेटा कमी पडतो म्हणजे *किती* कमी पडतो? चाळीसने चालवली तरी थ्रॉटल शून्य नसतो. चढ येतो, मागे कुणी बसतं, सिग्नलवरून निघावं लागतं. हजार किलोमीटर सरासरी चाळीसने म्हणजे २५ तास. सरासरी चार हजार आरपीएम धरले तर क्रँकच्या ६० लाख फेऱ्या. एवढ्यात रिंगा बसायच्या राहतात?

दुसरं, अनेक कारखान्यांत गाडी बाहेर पडण्याआधी रोलरवर चढवून गियर टाकून पळवतात. म्हणजे तुमचे ते सोन्यासारखे पहिले क्षण तिथेच संपले.

आणि तिसरं: केवळ हळू चालवल्यामुळे ग्लेझ धरलेली, कारखान्यातून आलेली नवी इंजिनं तुम्ही स्वतः किती पाहिलीत? आकडा सांगा. मावशींचंही तेच, दोन वेगळ्या गाड्या, दोन वेगळ्या पद्धती, त्यावरून काहीच ठरत नाही. एकच गाडी दोनदा नवी चालवता येत नाही, म्हणून हा धागा दर वर्षी निघतो.

टॉर्कमावशी

बरोबर आहे. त्यावरून काही ठरतं असं मी म्हटलेलं नाही. वाद शिळा वाटतो म्हटलं.

मीटरबंद

काजळी, खरं सांगायचं तर एकच पाहिलंय. आणि ते कारखान्यातलं कोरं नव्हतं. मित्राच्या जुन्या गाडीचं काम काढलं होतं, सिलिंडर बोअर करून (आतून कापून रुंद करून) मोठ्या मापाचा पिस्टन टाकलेला, बिडाची स्लीव्ह. त्याने दोन महिने सपाट रस्त्यावर पोरासारखी जपली. धूर थांबेना. पुन्हा खोलली तर भिंत काचेसारखी.

हे मी धाग्यात लिहायला हवं होतं, ते राहिलं.

काजळी

राहिलं? अहो, तोच तर तुमच्या धाग्याचा पाया!

पानापक्कड

भांडू नका. मीटरबंद म्हणतात ते बोअर केलेल्या इंजिनाला शंभर टक्के लागू आहे. तिथे होनिंग कुणी, कुठल्या दगडाने, किती घाईत केलंय याचा भरवसा नसतो. अशी गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी मी स्वतः चढावर नेऊन भार देतो. कोऱ्या गाडीला तसं करत नाही, फक्त सांगतो की एका वेगात चालवू नका आणि टॉप गियरला ओढू नका.

मीटरबंद

ठीक. नव्या गाडीबाबत "हळू चालवलीत तर ग्लेझ धरेलच" हे मागे घेतो. चाळीसचा नियम निराधार आहे, हे घेत नाही.

नेमस्त

निम्मा धागा मागे आला, तेवढ्यावर आज झोप लागेल.

शून्यकिलोमीटर

दादा-ताई, कालच गाडी घेतली, मीटरवर ६१. उद्या ९० किलोमीटरवर गावी जायचंय, सरळ हायवे. नेऊ की नको? आणि ऑइल कधी बदलायचं? एक जण ३०० म्हणतो, एक जण हजार. सिंथेटिक टाकू का?

मीटरबंद

न्या, पण सरळ हायवेवर एका वेगात नव्वद किलोमीटर म्हणजे नको तेच. आतला जुना रस्ता असेल तर तो धरा. हायवेच असेल तर दर पाच-सात मिनिटांनी वेग बदला, मधूनमधून एक गियर खाली या, अर्ध्या वाटेत थांबून चहा... म्हणजे इंजिन थंड करा.

ऑइल मी ३०० ला बदललं होतं. कीस आत फिरवत कशाला ठेवायचा?

नेमस्त

फिल्टर कशासाठी असतो मग? पुस्तकात ५०० असेल तर ५००, हजार असेल तर हजार. लवकर बदलल्याने इंजिनाचं नुकसान नाही, खिशाचं आहे. उशीर मात्र करू नका. आणि पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका, नाहीतर वॉरंटीवरून कटकट होते. तेव्हा नुसतं ऑइल बदलत नाहीत. व्हॉल्व्हच्या फटी, क्लचची केबल, नटबोल्ट, तारांची चाकं असतील तर तारा, सगळं तपासतात. व्हॉल्व्ह बसत गेले की फट कमी होते. आणि घट्ट झालेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही, म्हणून कळतही नाही.

सिंथेटिकची घाई नको. सिंथेटिकमध्ये रिंगा बसतच नाहीत हा समज जुना आहे, कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येणाऱ्या गाड्या आहेत. पण पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका.

पानापक्कड

डब्यावर जासो एमए किंवा एमए टू (मोटरसायकलच्या ऑइलची जपानी मानकं) लिहिलेलं बघूनच घ्या. घरात कारचं ऑइल उरलंय म्हणून ते ओतू नका. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागतो. मग इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही.

टॉर्कमावशी

आणि शून्यकिलोमीटर, पहिल्या वळणांवर माझं कोपर आठवा.

शून्यकिलोमीटर

पोहोचलो. आतल्या रस्त्याने गेलो, मीटरवर १५८. इंजिन आधीपेक्षा मोकळं वाटतंय, की मलाच तसं वाटतंय कोण जाणे. पण चेनचा खळखळ आवाज येतोय. ढिली झाली असेल का इतक्यात?

पानापक्कड

होते. नवी चेन सुरुवातीला बसते, तेव्हा थोडी ढिली पडते. इंजिन बंद, गियर न्यूट्रलला, खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्ये बोटाने वर-खाली करून बघा. बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ मिलिमीटर हालचाल चालते. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, जिथे सर्वांत ताठ असेल तिथलं माप धरा. फार ताणू नका, ताठ चेन बेअरिंग खाते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि स्टँड कुठला लावायचा ते पुस्तकात असेल.

नेमस्त

पुस्तकात आहेच.

शून्यकिलोमीटर

पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलं नाही. काढतो.