तेरचं संग्रहालय: मुलं कंटाळत नाहीत

लहान गावातल्या संग्रहालयात मुलं कंटाळतात, असं बरेचजण म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आईसह आम्ही पाचजण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो होतो. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनकाळातली मोठी व्यापारपेठ. इथला माल भडोच बंदरातून थेट रोमन जगात जायचा. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मणी, शंखाच्या बांगड्या आणि मातीच्या बाहुल्या बघताना धाकटीचं नाक काचेला चिकटलेलं. एका बाहुलीच्या केसांची गुंफण इतकी बारीक, की तिने लगेच स्वतःची वेणी चाचपून पाहिली! तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर वीतभरही नाही, पण तिच्याशी साम्य असलेली मूर्ती पार इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली. हे सांगितल्यावर थोरल्याचे प्रश्न संपेनात.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रम मंदिर जरूर बघा, जुन्या विटांचं, चैत्यासारख्या (बौद्ध प्रार्थनागृहासारख्या) गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर छपराचं. तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. तेरणेकाठी त्यांच्या समाधीपाशी आई बराच वेळ डोळे मिटून बसली होती. मुलांना घाई करू नका, एका कपाटापुढे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.