प्रतिसाद: चालणं एकीकडे, तेलाचा डबा दुसरीकडे

'रोज तासभर चालूनही वजन हलत नाही' असं वर लिहिलंय, त्यावरून आठवलं. मी दोन वर्षं नेमाने पर्वती चढायचो. 103 पायऱ्या, घाम पुसत खाली आलो की मिसळ, वर तर्री मागून! (जोडीला सगळे तेच करणारे, त्यामुळे लाज वाटायची नाही.)

मग एकदा घरातलं तेल मोजलं. माणसं तीन, पाच लिटरचा डबा महिन्यात साफ. म्हणजे माणशी रोज साधारण 50 ग्रॅम, नुसत्या तेलाच्या 450 कॅलरी. तासभर चालून एवढ्या जळत नाहीत हो.

आता फोडणीला पळी नाही, चहाचा चमचा. बायको पहिला आठवडा धुसफुसली. मिसळ फक्त रविवारी, तर्रीसकट.