सेंद्रिय की रासायनिक? थेरविलचे वाफे पाहा
"सेंद्रिय शेतीने जमीन सुधारते हे सिद्ध झालेलं नाही" हे मत मला पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये थेरविलला १९७८पासून दोन्ही पद्धती शेजारशेजारच्या वाफ्यांत चालू आहेत. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले: सेंद्रिय वाफ्यांत उत्पादन सुमारे २० टक्के कमी, पण गांडुळं जास्त आणि मातीची कणरचना टिकाऊ. मात्र तिथे रासायनिक पद्धतीच्या काही वाफ्यांत शेणखतही पडतं, आणि नुसत्या रासायनिक खतावरच्या वाफ्यांपेक्षा त्यांची माती बरी राहिली. म्हणजे शेणखत, पालापाचोळा असं जमिनीत परत किती जातं, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडच्या उष्णतेत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) लवकर झिजतो, म्हणून उसाचं पाचट (तोडणीनंतर उरलेली वाळकी पानं) पेटवलेलं मला फार खुपतं. थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक टाकलं की ते सरीतच कुजतं.