कार्नेगींचे एक कोटी डॉलर का पुरले नाहीत

पगारातून पेन्शनचा हप्ता कापणं ही एनपीएसबरोबर (आपल्याकडच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेबरोबर) आलेली टूम आहे, असं कुणीकुणी म्हणतं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी हे 1918 सालीच पाहिलं होतं.

आधी सगळं फुकट होतं. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी 1905 मध्ये एक कोटी डॉलर दिले आणि त्यांच्या फाउंडेशनमार्फत प्राध्यापकांना एक पैसाही न भरता पेन्शन मिळू लागली. अट एकच मोठी होती: कॉलेज कुठल्या चर्चपंथाच्या ताब्यात नको. पैशाची जादू अशी, की काही कॉलेजांनी पंथाशी असलेलं नातंच सोडलं! पण प्राध्यापक वाढले, पगार वाढले आणि थोड्याच वर्षांत कळून चुकलं, की हा भार एवढ्या पैशात पेलणार नाही.

म्हणून 1918 मध्ये टीआयएए ही ना-नफा तत्त्वावरची विमा संस्था निघाली. थोडं प्राध्यापकाने भरायचं, थोडं कॉलेजने. खरी मेख पुढे आहे: करार प्राध्यापकाच्या नावावर. नोकरी बदलली तरी साठलेलं बुडत नसे. महागाईवर उतारा म्हणून 1952 मध्ये शेअर बाजाराशी जोडलेला सीआरईएफ हा पेन्शन निधी आला. 1997 मध्ये मात्र अमेरिकी संसदेने टीआयएए-सीआरईएफची करसवलत काढून घेतली. तोवर संस्था अवाढव्य झाली होती, त्यामुळे मला त्यात फारसं वावगं वाटत नाही.