मदत हवी आहे: पेशंटचे उपचार सोडायचे असतील तर ते नीट कसे सोडावेत?

नमस्कार मंडळी. मी जनरल प्रॅक्टिस करते. अकरा वर्षांत एकाही पेशंटला "आता दुसरीकडे जा" असं म्हणावं लागलं नव्हतं. आता ती वेळ आली आहे. डॉक्टरांनी सांगाच, पण ज्यांना डॉक्टरने असं सोडलंय त्यांनीही सांगा.

पेशंट पन्नाशीचे, फिट्सचा आजार, सहा वर्षं माझ्याकडे. दोन वर्षांत एकही फिट नाही. स्वभावाने अगदी शांत. त्रास त्यांच्या मुलाचा आहे. रात्री-अपरात्री फोन, रिसेप्शनवरच्या मुलीला शिवीगाळ. मी दोनदा केबिनमध्ये बोलावून समज दिली, तशी नोंदही ठेवली. परवा त्याने तिच्या हातातली अपॉइंटमेंटची वही हिसकावून भिंतीवर फेकली. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण दार वाजलं की दचकते. तिला त्याच खुर्चीत बसवून मी आत निवांत पेशंट तपासायचे, हे मला जमणार नाही.

पण फिट्सच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट्स लागोपाठ येऊन जिवावर बेतू शकतं. माझं पत्र गेलं, घरात चिडाचिड झाली, नवा डॉक्टर शोधायचा राहिला आणि गोळ्या संपल्या, तर? चार रात्री हाच विचार डोक्यात आहे.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे की केस हाती घेतल्यावर पेशंटला आणि घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडू नये. 'पुरेशी' म्हणजे किती दिवस? अमेरिकेत साधारण ३० दिवस देतात. पत्रात कारण लिहावं का? आणि आधी तोंडी सांगावं की थेट पत्रच द्यावं?

प्रतिसाद १

मी आता निवृत्त आहे, दोनदा हे केलंय. पत्र पेशंटच्याच नावाने काढा, मुलाच्या नाही. आजार त्यांचा, गोपनीयताही त्यांची. "महिनाभरात" असं मोघम नको, तारीख घाला. त्या तारखेपर्यंत तातडीचं काही झालं तर मी बघेन, हेही स्पष्ट लिहा. कारण एका वाक्यात, आरोपाचा सूर नको. एक प्रत हातात द्या, एक पोचपावती मिळेल अशी पोस्टाने.

गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन त्या तारखेच्या पुढे काही आठवडे पुरेल असं द्या. सोबत एका पानाचा सारांश: कोणतं औषध, किती डोस, डोस कधी बदलला, शेवटची फिट कधी, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि रक्ताचे रिपोर्ट. पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हे त्याच नियमावलीत आहे.

पण त्याआधी एक. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल सांगते की संबंध तोडण्यापूर्वी तो सावरता येतो का हे बघा. तुम्ही समज मुलाला दिलीत. पेशंटशी यावर एकदा तरी बोललात का?

प्रतिसाद २

आईच्या डॉक्टरांनी तिला सोडलं तेव्हा रिसेप्शनवरून फोन आला, "डॉक्टर आता तुम्हाला बघणार नाहीत." बास. फाइल मिळायला तीन आठवडे गेले. नवे डॉक्टर विचारत, "आधी काय चालू होतं?" आणि आई रिकाम्या स्ट्रिप्स पुढे करायची. सोडल्याचं दुःख तिला होतंच, पण आपण काय चुकलो हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली. ताई, तुम्ही स्वतः बोला.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पेशंटशी बोलले नव्हते, आणि ती माझी चूक होती. काल त्यांना एकट्यांना बोलावलं. वही फेकल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. बराच वेळ टेबलाकडे बघत बसले, मग म्हणाले, "मी पत्नीबरोबर येईन. त्याला फोनही करू देणार नाही."

पत्र आणि सारांश दोन्ही तयार करून ठेवलेत, तारीख तेवढी घातलेली नाही. पुन्हा काही झालं तर त्याच दिवशी देणार, हे त्यांना सांगितलंय. होकार देण्याआधी रिसेप्शनवरच्या मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, "चालेल मॅडम. पण तो दारात दिसला तर मी उठून आत येणार."

तिची खुर्ची आज केबिनच्या दाराजवळ सरकवली.