मदत हवी आहे: हिबाचीवाल्यांकडचं आल्याचं सॅलड ड्रेसिंग घरी कसं जमवायचं?

केरीकरीण:
मंडळी, इथे नॉर्थ कॅरोलिनात दर दोन सिग्नलला एक हिबाची (गिऱ्हाइकासमोर तव्यावर शिजवून देणारं जपानी थाटाचं) रेस्टॉरंट आहे, तिथे जेवणाआधी सॅलडची छोटी वाटी येते बघा, आइसबर्ग लेट्यूस, काकडीच्या दोन चकत्या आणि वर ते केशरी, रवाळ, आंबटगोड ड्रेसिंग ज्यात आल्याचा मस्त झणका असतो. आमची पोरं एरवी लेट्यूसला पालापाचोळा म्हणतात पण ती वाटी चाटूनपुसून खातात. दुकानातली बाटली आणून बघितली, नुसती गोडमिट्ट.

मी घरी करते ते असं, कांदा, गाजर, आलं, लसणाची एक पाकळी, पांढरं व्हिनेगर, सोया सॉस, साखर आणि पाव कप एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, सगळं एकदम मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून गरगर फिरवते. चव कडवट येते, आल्याचे दोरे दातात अडकतात, कांदा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो आणि जरा वेळाने तेल वर, पाणी खाली. आलं वाढवलं तर नुसतं तिखट होतं, तो वास येतच नाही. कोणी हे नीट करतं का? प्लीज सांगा, दिवाळीपर्यंत नको, लवकर हवंय 😀

खलबत्ता:
पहिलं म्हणजे ते ऑलिव्ह ऑइल बाजूला ठेवा. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये पॉलिफेनॉल्स नावाची कडवट द्रव्यं असतात, मिक्सरच्या पात्यांनी तेलाचे बारीक बारीक थेंब झाले की त्यांचा कडवटपणा जिभेला जास्त लागतो, हाताने फेटलं तर एवढं जाणवत नाही. कनोला नाहीतर रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. देशी दुकानातलं घाण्याचं नको, त्याचा वास आल्याला खाऊन टाकतो (चटणीला मात्र तेच हवं, त्यात वाद नाही).

सोलाणा:
खलबत्ता +१. कांद्याचं माझ्याकडून. कांदा चिरल्यावर जो उग्रपणा तयार होतो तो मिक्सरमध्ये अजून वाढतो, कारण पेशी जेवढ्या फुटतील तेवढा. म्हणून चिरून आधी बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं टाका, निथळा, मग त्यात व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवा, बाकीचं नंतर. व्हिनेगर तांदळाचंच घ्या, पांढरं इथे ५ टक्क्यांचं असतं आणि चवीला सरळ धारदार, राइस व्हिनेगर त्यामानाने मवाळ. बाटलीवर सीझन्ड लिहिलेलं असेल तर त्यात साखर-मीठ आधीच असतं, वरून साखर कमी घाला.

आणि आलं कुठलं घेता? जुनं, सुरकुतलेलं, वाकवलं की दोऱ्या लोंबतात असं असेल तर मिक्सर काय करणार बिचारा. रेषांच्या आडवं पातळ कापून मग बारीक करा, किंवा फ्रीझरमध्ये कडक करून बारीक किसणीवर किसा, दोरे हातात राहतात आणि पडतो तो नुसता गर नि रस.

तोक्योतली_ताई:
मला गंमत वाटते, इथे जपानमध्ये वाफू (म्हणजे जपानी धर्तीचं) ड्रेसिंग म्हणून जे मिळतं ते सोया सॉस, व्हिनेगर, तेल आणि बऱ्याचदा किसलेला कांदा असं तपकिरी असतं. तुमचं केशरीवालं अमेरिकेतल्या स्टेकहाउसांचंच. तव्यासमोर बसवून खायला घालणारं बेनिहाना रॉकी आओकीने १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलं, त्यानंतर ही तऱ्हा तिकडे पसरली. त्यामुळे जपानी पुस्तकांत शोधत बसू नका.

खलबत्ता:
हो, आणि त्या अमेरिकन पद्धतीत दोन गोष्टी असतात ज्या केरीकरीण ताईंच्या यादीत नाहीत, सेलरी आणि केचप. हसू नका. केशरी रंग आणि तो गोडसर आंबटपणा बराचसा केचपचा, आणि मागे जो हिरवा वास रेंगाळतो तो सेलरीचा. माझं माप: अर्धा कप कांदा, पाव कप गाजर, सेलरीचा बोटभर तुकडा, २ मोठे चमचे आलं, १ मोठा चमचा केचप, दीड मोठा चमचा सोया सॉस, पाव कपाहून जरा जास्त राइस व्हिनेगर, २ छोटे चमचे साखर, थोडं लिंबू. हे थांबत थांबत फिरवायचं, गंध नाही करायचा, रवा राहिला पाहिजे. मग अर्धा कप तेल बारीक धारेने. तरी थोडं फुटणारच, रेस्टॉरंटवालेही वाढताना हलवूनच घेतात, फार वाटलं तर अर्धा चमचा मोहरीचं डिजॉन घाला, ते धरून ठेवतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या, चव बसते.

केरीकरीण:
खलबत्ता, सोलाणा, शतशः धन्यवाद!! काल केलं, कडवटपणा गेला, दोरे गेले. सेलरीचं मला खरंच वाटलं नव्हतं पण तोच तो वास!! फक्त सॅलडवर घातल्यावर पातळ होतं, वाटीच्या तळाशी गुलाबी पाणी.

आता पुढचा प्रश्न. गणपतीच्या पॉटलकला माझ्याकडे सॅलड आलंय, ४० माणसं, आणि चातुर्मासामुळे बऱ्याच जणांना कांदा-लसूण चालत नाही. कांद्याशिवाय होईल का?

सोलाणा:
पाणी ड्रेसिंगचं नाही, लेट्यूसचं. धुतल्यावर स्पिनरमध्ये गरगरवा, पंच्यात बांधून झटकलं तरी चालेल, पान ओलं असलं की काही चिकटत नाही.

कांद्याऐवजी गाजर दुप्पट करा आणि १ मोठा चमचा पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) घाला, त्याने तो खमंगपणा येतो जो कांद्याने यायचा. पण मिसोचं लेबल वाचा, काहींत दाशी (सुक्या माशाचा जपानी स्टॉक) असते म्हणजे मासा आला. केचप पण नको, इथल्या केचपमध्ये बहुतेक वेळा कांद्याची पावडर असते, त्याऐवजी टोमॅटो पेस्ट आणि चिमूटभर जास्त साखर. मिसो खारट असतो, सोया सॉस थोडा हात राखून. कोणाला गहू चालत नसेल तर सोया सॉसच्या जागी तामारी (बहुतेक वेळा गव्हाशिवाय केलेला सोया सॉस), पण त्यावरही ग्लूटेन-फ्री लिहिलंय ना ते बघा.

हिंगाष्टक:
कांदा नाही तर चिमूटभर हिंग?

सोलाणा:
नको हो! वरणाचा वास येईल.

खलबत्ता:
४० जणांना माणशी २ मोठे चमचे धरले तर ८० चमचे, म्हणजे ५ कप. माझ्या मापात साधारण दीड कप होतं, तर चार घाणे काढा, एकदम घातलं तर वरचं अख्खं राहतं नि खालचं गंध होतं. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये. आणि कृपा करून हॉलवर पोचल्यावर सगळं एकदम ओतून ठेवू नका, आरती लांबते, तोवर लेट्यूसचं भरीत होईल. बरणी आणि डाव शेजारी ठेवा, ज्याचा त्याने घेऊ दे.

केरीकरीण:
चार घाणे, लिहून घेतलं. पांढरा मिसो देशी दुकानात नसणार ना, कोरियन मार्केटला जावं लागेल?

सोलाणा:
कोरियन मार्केटला नक्की मिळेल, मोठ्या ग्रोसरीत पण टोफूच्या शेजारी बघा, फ्रिजमध्येच असतो.