मदत हवी आहे: सुई टोचल्यावरची पहिली गोळी रात्री दीड वाजता कशी मिळेल?

नमस्कार. मिरजेत एका छोट्या नर्सिंग होममध्ये इन्चार्ज सिस्टर आहे. नाव विचारू नका. मिरजेत दर दोन घरांआड दवाखाना.

मागच्या महिन्यात शनिवारी रात्री दीडला आमच्या मावशींना कचरा बांधताना सुई टोचली. सुई पांढऱ्या डब्यात जायची ती पिवळ्या पिशवीत, म्हणजे चूक आमचीच. मी खाली येईपर्यंत मावशींनी बोट पिळपिळून वर स्पिरिट ओतलेलं. (दोन्ही करायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, बस.) सुई कुणाची, पत्ता नाही.

पीईपीचा (सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत जायला हवा. आमच्याकडे गोळी नाही, रात्री उघड्या दोन मेडिकलमध्ये नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन केला तर "सोमवारी आयसीटीसी (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्र) उघडलं की बघू". शेवटी रविवारी दुपारी ओळखीतून मिळाली. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रॅविर एकाच गोळीत, रोज एक, 28 दिवस. मावशींनी बाटली तांदळाच्या डब्यात लपवली, सुनेला कळू नये म्हणून. मी समजावलं की सुई एचआयव्ही बाधित रुग्णाची असली तरी धोका हजारात तीन. तर म्हणाल्या, "ते तिघं कोण असतात हो सिस्टर?"

शिवाय हिपॅटायटिस बीची लस आम्हा नर्सेसना दिलेली, मावशींना नाही. त्याची लागण सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज होते.

आता मला कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमध्ये पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या ठेवायच्या आहेत. सांगली-मिरजेतल्या खासगी दवाखान्यांत कुणी ठेवतं का? विकत घेता की एआरटी सेंटरकडून (एचआयव्ही उपचार केंद्र) मिळतात? चावी फार्मासिस्टकडे ठेवली तर रात्री ती कुणाकडेच नसते. आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) स्वतःहून गोळ्या सुरू करायला घाबरतात; भिंतीवर लावता येईल असा एक पानी मराठी कागद कुणाकडे आहे का? आणि रजिस्टरमध्ये नाव कसं लिहिता? आमचं रजिस्टर काउंटरवर उघडंच पडलेलं असतं.

मालक म्हणतात, एवढ्या वर्षांत एकदाच झालंय. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात कर्मचाऱ्यांना पीईपी देणं आस्थापनेवर बंधनकारक आहे, हे मी तोंडी सांगून पाहिलं. गुरुवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा. मावशींची सहा आठवड्यांची तपासणीही त्याच दिवशी आहे.